अपेक्षेचा रकाना

लोकांच्या लग्नपत्रिका छापता छापता हिचं वय चाललंय, असं आमची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. वय म्हणजे सत्तावीस. माजलगावात धान्याच्या मोंढ्याच्या रस्त्याला अप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, छापखाना होता. मी तिथं दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून दुसऱ्यांची लग्नं मांडायचे. वर गणपती, मधे वधू-वर, खाली पोराबाळांच्या नावानं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. हे 'हं' मी इतक्या वेळा टाईप केलंय की माझी बोटं ते झोपेतसुद्धा करत असतील.

बाजार खुला झाला म्हणतात ना, तो आमच्याकडं टप्प्याटप्प्यानं आला. आधी केबल आली, मग चौकाचौकात पिवळे एसटीडी बूथ आले, मग एक दिवस अप्पांनी टेम्पोत घालून कॉम्प्युटर आणला आणि त्याला हार घातला. शिशाचे खिळे जुळवून छापायचं जुनं मशीन कोपऱ्यात सरकलं. अप्पांचे हात खिळ्यांचे, त्यांनी कीबोर्डला कधी बोट लावलं नाही. मी टायपिंगच्या दोन परीक्षा पास. म्हणून आमची वाटणी अशी ठरली की अप्पा मजकूर मोठ्यानं वाचणार आणि मी बसवणार. प्रूफ निघालं की तेही अप्पाच मोठ्यानं वाचणार आणि मी मूळ कागदाशी ताडून बघणार. स्वल्पविराम आला की ते 'स्वल्प' म्हणायचे, वाक्य संपलं की 'पूर्ण'. सकाळची शिवपूजा आटोपून आले की जे वाचन सुरू व्हायचं ते जेवणापर्यंत. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत कुणीतरी पोथी लावलीय.

तोवर मी सात स्थळं मोडली होती. एकाचे दात, एकाचं गाव, एकाची आई, जे हाताला लागेल ते कारण. खरं कारण सांगत नव्हते कारण ते मलाच ठाऊक नव्हतं. टायपिंग क्लासच्या मैत्रिणी एकेका नटावर जीव टाकायच्या, कुणाच्या नुसत्या आठवणीनं लाल व्हायच्या. मला देखणा माणूस देखणा दिसायचा, चांगला फॉन्ट दिसावा तसा. पुढं काही नाही. मी वाट बघितली. आज होईल, उद्या होईल. विसाव्या वर्षी नाही, पंचविसाव्या वर्षी नाही. धाकटीचं लग्न होऊन तिला दोन लेकरं झाली आणि मी आपली 'हं' टाईप करतेय. आईनं मला बीडला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. रक्त वाढलं, बाकी सगळं जिथल्या तिथं.

मग एसटीडी बूथवाल्यानं मागच्या खोलीत प्लायवूडचे चार कप्पे केले आणि बाहेर पाटी लावली, इंटरनेट. पत्रिकांसाठी नवे गणपती शोधायला मला तिथं अप्पांनीच धाडलं. दुपारी एक ते तीन छापखाना बंद असायचा, तेवढ्यात जाऊन यायचं, अन् तेही वीज असली तर. गणपती उतरायला लई वेळ लागायचा. आधी मुकुट यायचा, मग कपाळ, सोंड येईस्तोवर माणूस कंटाळायचा. अशीच एक सोंड येत असताना मी शेजारी शोधायची दुसरी चौकट उघडून मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारून टाकलं, की मला पुरुषाबद्दल तसलं काही वाटतच नाही, बाईबद्दलही नाही, तर हा आजार आहे का.

आणि काय सांगू! समोर एक पान उघडलं. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं, आणि मी खुर्ची पुढं ओढली. जगभरातली माणसं होती आणि ती माझंच बोलत होती. कुणी म्हणत होतं, मी वाट बघितली. कुणी म्हणत होतं, मला वाटलं बाकीचे अतिशयोक्ती करतात. त्यांनी स्वतःला नाव घेतलं होतं, असेक्शुअल. एक मेलचा गट होता, त्यात पत्र धाडलं की ते सगळ्यांना जायचं. मी प्लायवूडच्या कप्प्यात बसून तोंडावर ओढणी दाबून हसत होते. बूथवाल्यानं वाकून बघितलं. मी म्हणाले, गणपती लई छान मिळालाय.

दुसऱ्या दिवशी मी गटाला पत्र लिहिलं. आता माझं इंग्रजी म्हणजे टायपिंगच्या परीक्षेत येणाऱ्या पत्रांचं. माल पोचल्याची पोच, माल न पोचल्याची तक्रार, याच्यापलीकडं मला पत्र असतं कसं हेच माहीत नव्हतं. म्हणून वर उजव्या हाताला गाव, खाली विषय, 'लग्न नको असणेबाबत', मग 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की' आणि शेवटी 'आपली विश्वासू'. सगळं इंग्रजीत, समास सोडून, अगदी फुल मार्कांचं. गटातल्या लोकांनी ते पत्र डोक्यावर घेतलं. दूर कुठल्या थंड गावातल्या एक ग्रंथपाल बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी मला त्याच थाटात उत्तर पाठवलं, 'आपले दिनांक कालचे पत्र पोचले, मजकूर वाचून अत्यानंद झाला.' पुढं कितीतरी महिने तिथं कुणालाही काही मनातलं सांगायचं झालं की ते 'विषय' घालून सुरू करायचे. माझ्यामुळं! माजलगावच्या माझ्यामुळं!

तिथं काय चालायचं ते मी कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. तिथं शब्द तयार व्हायचे. पुस्तकातून नाही, डॉक्टरांकडून नाही, आमच्यासारखीच माणसं बसून करायची. सोमवारी कुणीतरी लिहायचं, मला जीव लावता येतो पण अंगाची ओढ नाही, याला काय म्हणू? मंगळवारी चार सूचना यायच्या, बुधवारी भांडण, शुक्रवारपर्यंत एक शब्द टिकायचा आणि शनिवारी दहा जण त्या शब्दात राहायला आलेले असायचे. कुणाला दोन्ही वाटत नाही, त्याला वेगळा शब्द. कुणाला खूप ओळखीनंतर थोडंसं वाटतं, त्याला वेगळा. प्रत्येकाच्या सहीखाली स्वतःबद्दल एक ओळ असायची. ती ओळ लोक बदलायचे, पुन्हा बदलायचे, कालची खोडून आजची लिहायचे. मी जन्मभर प्रूफं बघितलेली, मला ते लगेच कळलं. ही माणसं स्वतःचं प्रूफ तपासत होती. माझ्या अंगात तर वारं शिरल्यागत झालं होतं. एक वाजायच्या आधीच मी चपला घालून उभी. आई म्हणायची, आजकाल गणपती लई लागतेत तुला.

ग्रंथपाल बाई सगळे शब्द एका यादीत मांडून ठेवायच्या. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात? मी म्हटलं, सांगते की, त्यात काय. आणि बसले शोधत. कोशात नपुंसक निघालं, ती तर आमच्याकडं शिवी. ब्रह्मचारी निघालं. पण ब्रह्मचारी मन आवरतो. माझ्याकडं आवरायला होतं काय? विरक्त म्हणावं तर मला इरकली साडी आवडते, गुलाबजाम आवडतो, भांडण तर सगळ्यात जास्त आवडतं. शास्त्राच्या पुस्तकात अलैंगिक होता, पण तो अमिबाच्या धड्यातला. अमिबा मधोमध तुटतो आणि एकाचे दोन होतात. मी काय अमिबा हाय का? मला राग आला. एवढी मोठी भाषा, शिव्यांचे ढीगच्या ढीग, आणि माझ्यासाठी एक नीट शब्द नाही म्हणजे काय! मी ग्रंथपाल बाईंना कळवलं की माल शिल्लक नाही, शोध चालू आहे.

तेवढ्यात सूचीचा हंगाम आला. आमच्या लिंगायत वाणी समाजाचा दरवर्षी जिल्ह्याचा वधू-वर परिचय मेळावा व्हायचा आणि त्याची सूची आमच्याकडं छापायला यायची. फोटो, शिक्षण, उंची, वर्ण, आणि शेवटचा रकाना, अपेक्षा. जिल्हाभरातून फॉर्म यायचे. अप्पा एकेक उचलून वाचायचे आणि मी बसवायचे. 'निर्व्यसनी स्वल्प सुशिक्षित स्वल्प स्वतःचे दुकान असलेला पूर्ण.' 'गृहकृत्यदक्ष स्वल्प गोरी स्वल्प मनमिळाऊ पूर्ण.' आधी मुली, मग मुलं, आणि सगळ्यात शेवटी तीन-चार पानं पुनर्विवाहाची. त्यात विधवा, विधुर, सोडचिठ्ठी झालेले. ती पानं कुणी नीट बघत नसे. समितीचे लोकही म्हणायचे, तिथं फोटो लहान टाका.

त्या वर्षी त्या शेवटच्या गठ्ठ्यातून अप्पांनी एक फॉर्म उचलला. नेकनूरकडचे कुणी अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, शेती, थोडा किराणा. अप्पांनी नेहमीच्या सुरात वाचलं, 'अपेक्षा, सोबत पूर्ण. इतर अपेक्षा नाही पूर्ण.' आणि पुढचा फॉर्म घेतला.

माझे हात थांबले. अप्पा पुढं वाचत होते आणि मी तिथंच. सोबत. हा शब्द मला लहानपणापासून येत होता. शेजारी जाताना सोबत, दवाखान्यात सोबत, अंधाराला सोबत. त्यात अंगाचं काही मागणं नव्हतं आणि कोरडेपणाही नव्हता. मी अप्पांना म्हटलं, दोन मिनिटं थांबा, आणि माळ्यावरून जुन्या सूच्या काढल्या. दरवर्षीची शेवटची पानं उघडली. एका बाईंनी लिहिलं होतं, 'बोलायला माणूस असावे.' एकांनी, 'सकाळचा चहा एकट्याने घ्यावा लागू नये.' हे सगळं मीच बसवलेलं होतं! माझ्याच बोटांनी! इतकी वर्षं मी जे शोधत होते ते मी स्वतः टाईप करून, समास आखून, छापून वाटत होते आणि मला पत्ता नव्हता. अप्पा चष्म्यावरून बघत राहिले. मला त्यांना उचलून घ्यावंसं वाटत होतं.

दुपारी मी धावतच गेले. आधी तो शब्द मराठी फॉन्टमध्ये पाठवला. ग्रंथपाल बाईंचं उत्तर आलं की आपल्या भाषेत डॉलरची चिन्हं फार दिसतात. त्यांच्याकडं आमचा फॉन्ट नव्हता ना. मग रोमन अक्षरांत लिहिला आणि खाली भलीमोठी फोड केली, नेकनूरच्या त्या गृहस्थांसकट. कोइमतूरचा एक इंजिनिअर गटात होता. त्यानं लिहिलं की त्यांच्याकडंही असा शब्द आहे आणि त्याला तो आजवर सुचला नव्हता. त्या आठवड्यात सगळेच आपापल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात शब्द शोधायला लागले. माझ्या सहीखाली मी ओळ टाकली, 'अपेक्षा: सोबत. इतर अपेक्षा नाही.' मग ती कधीच बदलली नाही.

आणि इकडं माझं ताट वाढलेलं. बीडचं एक स्थळ चालून आलं होतं. कापड दुकान, माणसं साधी, मुलगाही बरा, नाव ठेवायला जागाच नाही. आई आणि माझी मावशी यांच्यात सगळं ठरत आलं होतं. मेळाव्यात चारचौघांत बघणं आणि मग सुपारी, एवढंच उरलं होतं. रीत म्हणून आईनं माझाही फॉर्म भरून सूचीत दिला. तोही अप्पांनी माझ्यापुढंच वाचला, 'अपेक्षा, सुसंस्कृत स्वल्प निर्व्यसनी स्वल्प स्वतःचे दुकान पूर्ण.' मी निमूट बसवला. आठवं स्थळ मोडायला माझ्याकडं दात, गाव, आई यांतलं काहीच उरलं नव्हतं. मेळाव्याला तीन आठवडे होते.

मग मी जे केलं ते डोकं ठिकाणावर असणारं माणूस करत नाही, पण मला तेव्हा पंख फुटलेले. सूची मशीनवर चढायच्या दिवशी, अप्पा कारखान्याची पोस्टरं पोचवायला गेलते, मी माझी नोंद उघडली. आईची ओळ काढली. माझी घातली. मग वाटलं, ही ओळ इथं, शंभर 'निर्व्यसनी'च्या गर्दीत, कुणाला कळणार? लोक म्हणतील, लाजतेय पोरगी. ही ओळ ज्यांना वाचता येते ती माणसं शेवटच्या पानांवर आहेत. तर मी माझी नोंद मुलींतून उचलली आणि नेकनूरच्या गृहस्थांच्या खाली नेऊन ठेवली. त्या पानांना वर मथळा होता, 'पुनर्विवाह इच्छुक'. पण मथळा म्हणजे आमच्या लेखी चोवीस पॉइंट, ठळक, मधोमध. तो एकदा बसवला की बसवला. लोक तो वाचतात, हे बाई माझ्या डोक्यातच आलं नाही. दहा वर्षं छापखान्यात काढलेल्या बाईचीच अशी चूक होऊ शकते.

शेवटच्या पानांचं प्रूफ काढून मी टेबलावर ठेवलं आणि एकच्या ठोक्याला गटाला सांगायला पळाले. तीनला आले तर प्रूफ अप्पांच्या लाल सहीनं मंजूर होऊन लटकवलेलं होतं. वीज जायची वेळ झालेली, मशीन सुरू होतं. मी मनात म्हटलं, घाईत न वाचताच सही केलेली दिसतेय. बरंच झालं.

सूची तालुक्यातालुक्याला गेली आणि चौथ्या दिवशी मावशीचा फोन आला. बीडची माणसं विचारत होती, पोरीचं आधी कुठं झालतं का? झालतं तर लपवलं कावून? आई फोन तसाच धरून खाली बसली. तेव्हा कुठं मला तो चोवीस पॉइंटचा मथळा दिसला. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला फसवायचं माझ्या मनात नव्हतं, पण सगळ्या गावात तिलाच तोंड द्यायचं होतं. आणि तिनं मला दोष दिलाच नाही. कॉम्प्युटरनंच काहीतरी गोंधळ केला, असं तीच सगळ्यांना सांगत सुटली. सगळ्यांना ते पटलं. तेव्हा कॉम्प्युटरवर काहीही ढकलता यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीचे अध्यक्ष दोघांना घेऊन छापखान्यात आले. वयस्क, समाजात वजन असलेले. ते रागावले नव्हते, उलट समजूत घालायलाच आले होते. बीडच्या लोकांशी त्यांनी बोलून घेतलं होतं, छपाईची चूक आहे म्हटल्यावर ती माणसं निवळली होती. आता फक्त एक शुद्धिपत्रक छापायचं, प्रत्येक सूचीत चिकटवायचं, की शेवटच्या पानावरची अमुक नोंद प्रथम वधू विभागात वाचावी. मजकूर त्यांनी चिठ्ठीवर लिहूनच आणला होता. मेळाव्यात बघणं होईल आणि तिथंच सुपारी फोडू, असं ते म्हणाले. छापखान्याच्या मागंच आमचं घर, आई मधल्या दारात उभी होती, तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. अप्पांनी चिठ्ठी घेतली, वाचली नाही, माझ्या टेबलावर ठेवली.

मी बसले. वर मधोमध 'शुद्धिपत्रक' टाईप केलं, ठळक केलं. पुढचा शब्द काही बोटांतून निघेना. ही चार ओळींची चिठ्ठी छापली की मी परत त्या गर्दीत जाणार होते, आणि या खेपेला तिथून बाहेर यायला वाट नव्हती. प्लायवूडच्या कप्प्यात मी किती धीट होते! रोज पानंच्या पानं लिहायचे. आणि इथं चार माणसांपुढं एक ओळ बोलायची होती. गटातले सगळे शब्द मी मनात चाळले. एकही इथं चालणारा नव्हता. शेवटी छापखान्यातलाच सापडला.

"ही चूक न्हाई," मी म्हणाले. "मीच ठेवली तिथं. ती ओळ माझी हाय."

अध्यक्ष हसले. अप्पांकडं वळून म्हणाले की पोरगी घाबरलीय, तुम्ही बसवून घ्या, दुपारपर्यंत द्या. आईनं पदर तोंडाला लावला. अप्पा उठले. मला वाटलं, आता मला खुर्चीवरून उठवतात. पण ते भिंतीकडं गेले. तिथं आकड्याला मंजूर प्रूफं लटकवलेली असायची. त्यांनी चाळून एक ताव काढला आणि अध्यक्षांच्या पुढ्यात अंथरला. शेवटची पानं होती. अप्पांची प्रूफ वाचायची सवय अशी की एक नोंद वाचून झाली की समोर लाल खूण. सगळ्या नोंदींपुढं एकेक लाल खूण होती. माझ्या नोंदीपुढं दोन होत्या.

"शुद्धिपत्रक चुकीसाठी असतंय," अप्पा म्हणाले. "ही चूक न्हाई. प्रूफ मी वाचलंय."

बाहेर मोंढ्यात हमालांचा आवाज चालला होता. अध्यक्षांनी ताव उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, आणि मग अप्पांना तुमच्या इज्जतीचा प्रश्न आहे वगैरे बरंच सुनावलं. अप्पांनी ऐकून घेतलं. चिठ्ठी मात्र घडी घालून त्यांच्या हातात परत दिली. दुसरीकडून छापून घ्यायची तर घ्या, म्हणाले, पण माझ्या छापखान्यात बरोबर छापलेलं चूक म्हणून छापणार न्हाई. माणसं गेली. आई आत गेली आणि तिनं मधलं दार लावून घेतलं.

मी रडत होते आणि मला इतका आनंद झाला होता की तो मावत नव्हता. मी विचारलं की दोन खुणा कशाच्या. ते म्हणाले, दोन डाव वाचली म्हणून. त्या दुपारी छापखान्यात कुणी नव्हतं तरी सवयीनं ते मोठ्यानंच वाचत होते. माझी ओळ आली तशी पुन्हा वाचली. आईनं भरलेल्या फॉर्मवर काय होतं ते त्यांना पाठ होतं. मी म्हटलं, मग मला इचारलं कावून न्हाई?

"तू लिवलं होतंस की," अप्पा म्हणाले. "छापायला दिलेलं परत तोंडानं कशाला वदवून घ्यायचं?"

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि मी सांगितलं. सोंड येता येता सापडलेलं पान, ग्रंथपाल बाई, अमिबा, नेकनूरचे गृहस्थ, सगळं. त्यांना अर्ध्याहून जास्त कळलं असेल असं मला वाटत नाही. अंगाच्या गोष्टी बापाशी बोलायची आमच्यात पद्धत नाही, तिथं मी गाळत गेले आणि तेही खाली बघत राहिले. पण इतकी माणसं देशोदेशी बसून एकेका शब्दासाठी भांडतात हे त्यांना फार आवडलं. यादी कोण करतं, प्रूफ कोण बघतं, असं विचारत होते. आपला शब्द त्यात गेला का, हे त्यांनी दोनदा विचारलं. गेला म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि मशीनला तेल घालायला उठले.

बीडचं स्थळ मोडलं. आई माझ्याशी चार महिने धड बोलली नाही. वाढायची, पण ताट जरा आपटायची. मेळाव्यात बायका माझ्याकडं बघून कुजबुजल्या, मी पण बघून घेतलं त्यांच्याकडं. नेकनूरच्या गृहस्थांना त्याच सूचीतून एक बाई मिळाल्या, त्यांची साधी एका रंगातली पत्रिका मी बसवली, आणि त्यात 'हं' नव्हतं. पुढच्या वर्षी अध्यक्ष फॉर्मचा गठ्ठा घेऊन गुमान आमच्याकडंच आले, कारण कॉम्प्युटरवर मराठी बसवणारा छापखाना गावात आमचाच एक होता. माझी नोंद या वर्षीही जाणार, हे अप्पांनी त्यांना आधीच सांगून टाकलं. शेवटच्या पानांचा मथळा तेवढा मी बदलला. 'सोबत' एवढंच, चोवीस पॉइंट, ठळक, मधोमध.

गठ्ठा अर्धा सरला असेल. अप्पा नेहमीच्या सुरात वाचत होते, मी बसवत होते. एक फॉर्म आला शिरूर कासारच्या पुढच्या एका गावातून. झेडपीच्या शाळेतल्या बाई. वय एकतीस, अविवाहित, स्वच्छ शाळामास्तरी अक्षर. उंची वाचली, शिक्षण वाचलं. प्रथम विवाह की पुनर्विवाह, यांतले दोन्ही शब्द बाईंनी सरळ रेघेनं खोडले होते. मग अप्पा शेवटच्या रकान्याला आले.

"अपेक्षा, सोबत पूर्ण," त्यांनी वाचलं. "इतर अपेक्षा नाही पूर्ण."

माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले. अप्पांनी ती ओळ पुन्हा एकदा, आता हळू, वाचली. मग चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं बघितलं.

"हिला कुठं लावायचं?" ते म्हणाले. "तुझ्याशेजारी?"